रूर्बन : चाकोऱ्यांतून उमटलेला शब्द

शासकीय योजनांच्या नावांवर कोणीतरी एकदा निवांतपणे प्रबंध लिहायला हवा. काही नावे थोर पुरुषांची असतात, काही आद्याक्षरांची जुळवाजुळव करून घडवलेली असतात, आणि काही नावे अशी असतात की ती कोणत्या भाषेतील आहेत हेच राबवणाऱ्यांना आणि लाभ घेणाऱ्यांना, दोघांनाही, शेवटपर्यंत उमगत नाही. या तिसऱ्या वर्गातील एका शब्दाविषयी आज लिहावेसे वाटते. तो शब्द म्हणजे ‘रूर्बन’.

रायपूरला आल्यानंतर एका ग्रामसभेच्या बैठकीला बसण्याचा योग आला होता. समोरच्या फलकावर श्यामाप्रसाद मुखर्जी यांचे नाव होते आणि त्यापुढे ‘रूर्बन मिशन’ असे नागरी अक्षरांत ठसठशीत लिहिले होते. पहिल्या रांगेतील एका वृद्ध गृहस्थांनी तो फलक बराच वेळ न्याहाळला आणि छत्तीसगढीत विचारले, “मुखर्जी साहेब तो समझ गेन, फेर ये रूर्बन साहेब कोन रिहिस?” सभेत हशा पिकला. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. कारण या शब्दामागे खरोखरच एक ‘साहेब’ आहे, आणि त्याची कथा आमच्या खात्याच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही.

प्रथम या मोहिमेविषयी थोडेसे. २१ फेब्रुवारी २०१६ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिचा आरंभ केला तो छत्तीसगडमध्येच, राजनांदगाव जिल्ह्यातील कुरूभाट येथे. रायपूरहून राजनांदगाव सुमारे ७० किलोमीटरवर. मुरमुंदा हा या जिल्ह्यातील गावांचा समूह पहिल्या समूहांपैकी एक होता. घोषणा जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात झाली होती. १६ सप्टेंबर २०१५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,१४२.०८ कोटी रुपयांच्या तरतुदीसह तिला मान्यता दिली. देशभरात ३०० समूह विकसित करायचे होते. सपाट आणि किनारी प्रदेशात २५ ते ५० हजार लोकवस्तीचा, आणि डोंगरी, वाळवंटी वा आदिवासी प्रदेशात ५ ते १५ हजार लोकवस्तीचा, एकमेकांना लागून असलेल्या गावांचा समूह निवडायचा. त्यात नळाचे पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, रस्ते, शाळा, कौशल्य प्रशिक्षण आणि शेतमालावरील प्रक्रिया अशा सोयी एकत्रितपणे उभारायच्या. निरनिराळ्या योजनांचा पैसा एकत्र आणायचा आणि जे कमी पडेल त्याची तूट केंद्राने भरून काढायची, अशी ही रचना. आत्मा गावाचा आणि सुविधा शहराच्या, हे तिचे घोषवाक्य बहुतेकांच्या स्मरणात असेल. मोहिमेची मुदत आता संपली आहे. फलक मात्र अजून उभे आहेत, आणि फलकांवरील शब्दही.

इंग्रजी भाषेला दोन शब्द मोडून त्यांचा एक करण्याची खोड पूर्वीपासूनच आहे. १८१२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याच्या कारकिर्दीत मतदारसंघांची सीमा अशी वेडीवाकडी आखली गेली, की नकाशावर ती सॅलमँडर नावाच्या प्राण्यासारखी दिसू लागली. त्यावरून ‘गेरीमँडर’ हा शब्द रूढ झाला. लुईस कॅरलने १८७१ च्या आपल्या पुस्तकात अशा शब्दांना ‘पोर्टमँटो’ हे नाव दिले. दोन कप्प्यांची प्रवासी पेटी असा त्या शब्दाचा अर्थ. माझ्या स्वतःच्या विषयातील उदाहरण द्यायचे तर ‘स्टॅगफ्लेशन’. १९६५ मध्ये ब्रिटिश संसदेत इयन मॅक्लाऊड यांनी तो वापरला, तेव्हा मंदावलेली वाढ आणि चढत्या किमती एकत्र नांदू शकतात ही गोष्ट बहुतेक अर्थशास्त्रज्ञांना तितकीशी मान्य नव्हती. पुढे १९७० च्या दशकात आम्ही विद्यार्थी होण्यापूर्वीच वस्तुस्थितीने तो शब्द खरा करून दाखवला.

आपल्याकडे समास आहे, परंतु समासात दोन्ही शब्द शाबूत राहतात. ‘मायबाप’ म्हटले की माय आणि बाप दोघेही पूर्ण उभे असतात. इंग्रजीतील या जोडशब्दांत दोघांचेही अवयव कापले जातात, आणि कोणाचे किती कापले हे पाहणे उद्बोधक असते. लॅटिनमध्ये ‘रूस’ म्हणजे खेडवळ मुलूख, त्याचे षष्ठीचे रूप ‘रूरिस’, त्यावरून ‘रूरल’. ‘उर्ब्स’ म्हणजे नगर, विशेषतः रोम, त्यावरून ‘अर्बन’. या दोहोंचा ‘रूर्बन’ करताना काय झाले? ‘अर्बन’ हा शब्द अख्खाच्या अख्खा राहिला आणि त्याच्या पुढे ‘आर’ हे एकच अक्षर येऊन बसले. व्याकरणकार म्हणतील की मधली अक्षरे दोन्ही शब्दांना समान आहेत, ती सामाईक मालमत्ता समजावी. तेही खरे. पण महसूल खात्याशी संबंध आलेल्या माणसाला सामाईक मालमत्तेवर शेवटी वहिवाट कोणाची असते हे ठाऊक असते.

आता त्या ‘साहेबा’कडे येऊ. चार्ल्स जोसाया गॅल्पिन. जन्म १८६४, न्यूयॉर्क राज्यात. आयुष्याचा पूर्वार्ध शाळामास्तरकीत आणि पुढे मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्ये धर्मोपदेशकाचे काम करण्यात गेला. हेन्री टेलर या कृषी-अर्थशास्त्रज्ञाने त्याला विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात आणले तेव्हा त्याचे वय पन्नाशीकडे झुकले होते. तो काळ अमेरिकेत खेड्यांविषयीच्या चिंतेचा होता. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये ग्रामीण जीवनाविषयी एक आयोग नेमला होता. शेतकऱ्यांची मुले शेती सोडून शहरांकडे का जातात, हा त्यामागचा प्रश्न. आयोगांच्या अहवालांना जे होते तेच त्या अहवालाचेही झाले, परंतु त्यातून विद्यापीठांत ग्रामीण समाजाच्या अभ्यासाला चालना मिळाली.

गॅल्पिनपुढचा प्रश्न वरकरणी साधा होता. अमेरिकेतील शेतकरी आपल्याकडच्यासारखा गावठाणात राहत नाही. तो स्वतःच्या शेतावर, शेजाऱ्यापासून मैल-अर्धा मैल दूर एकटा राहतो. मग त्याचे ‘गाव’ कोणते? कायद्याने आखलेली चौकोनी टाउनशिप ही तर सर्वेक्षकाच्या साखळीने मोजलेली कागदावरची आकृती. तिच्याशी त्याच्या जगण्याचा संबंध किती? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्याने जी युक्ती केली ती मला आमच्या व्यवसायातील सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. बाजाराच्या गावातून निघून मोठ्या रस्त्याने बाहेर जावे आणि प्रत्येक शेताच्या फाटकापाशी मातीत उमटलेल्या चाकोऱ्या पाहाव्यात. फाटकातून बाहेर पडलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या ज्या बाजूला अधिक खोल वळल्या असतील, त्या बाजूचे गाव हे त्या घराचे गाव. असे पाहत पाहत गेले की एक ठिकाण असे येते जिथे चाकोऱ्या विरुद्ध दिशेला वळू लागतात. तिथे या गावाची हद्द संपली आणि पुढच्याची सुरू झाली. ना दगड, ना खांब, ना राजपत्रातील अधिसूचना. रोजच्या वहिवाटीनेच आखलेली सीमा.

मराठीत ‘चाकोरी’ या शब्दाला आपण फारच बदनाम करून ठेवले आहे. चाकोरीबाहेर विचार करा, असे प्रशिक्षण संस्थांतून आम्हाला वर्षानुवर्षे सांगितले जाते. गॅल्पिनने चाकोरीबाहेर विचार केला नाही. त्याने चाकोरीचाच विचार केला.

विस्कॉन्सिनमधील वॉलवर्थ परगण्यात त्याने हे काम पद्धतशीरपणे केले. प्रत्येक शेतघर नकाशावर मांडले. ते घर खरेदीला कुठे जाते, पैसे कोणत्या बँकेत ठेवते, दूध कुठे घालते, प्रार्थनेला कोणत्या चर्चमध्ये जाते, मुलांना माध्यमिक शाळेत कुठे पाठवते, ग्रंथालयातील पुस्तके कुठून आणते, हे सारे विचारून त्या त्या सेवेचे स्वतंत्र क्षेत्र रेखाटले. परगण्यात बारा लहानमोठी बाजारगावे निघाली आणि प्रत्येकाभोवती व्यापाराचे एक वाकडेतिकडे वर्तुळ. टाउनशिपच्या चौकोनांशी त्यांचे काहीही जुळत नव्हते. १९१५ मध्ये कृषी संशोधन केंद्राची ३४ वी पुस्तिका म्हणून हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक शेतकरी समाजाच्या शरीररचनेचा उल्लेख करते. पुढे १९१८ मध्ये त्याचे ग्रामीण जीवनावरील पुस्तक आले. ‘रूर्बन’ हा शब्द त्याच्या या काळातील लेखनातून पुढे आला. बाजारगाव आणि त्याच्या परिघातील शेते मिळून होणारा जो एकच समाज, त्याचे हे नाव. वॉल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञाचा केंद्रस्थळांचा सिद्धान्त १९३३ सालचा. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्हाला तो शिकवला जातो, गॅल्पिनचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. गॅल्पिनला खेड्यात शहराच्या सोयी न्यायच्या होत्या असे समजले तर त्याच्यावर अन्याय होईल. त्याचे म्हणणे निराळे होते आणि अधिक अडचणीचे होते. तो म्हणत होता की बाजारगावातील दुकाने, बँका, शाळा या शेतकऱ्याच्या पैशावर उभ्या राहतात. परंतु नगराची हद्द घरांच्या शेवटच्या रांगेपाशी संपते आणि शेतकरी त्या हद्दीबाहेर राहतो. म्हणून नगराच्या कारभारात त्याला मत नाही. मुलाला तिथल्या शाळेत घालायचे तर शुल्क भरायचे, शाळा कशी चालावी हे मात्र सांगायचे नाही. ग्रंथालयाचा वापर कृपेने, हक्काने नव्हे. समाज एक, पण हद्दी दोन. ‘रूर्बन’ हा शब्द त्या हद्दीविरुद्धची तक्रार होता. सोयींची यादी पुरवण्यासाठी तो घडवलेला नव्हता. नगराच्या कारभारात शेतकऱ्याचे स्थान कोणते, हे विचारण्यासाठी घडवलेला होता.

शब्द प्रवास करतात तेव्हा अर्थाचे ओझे वाटेत टाकून देतात, याचे हे चांगले उदाहरण आहे. सोरोकिन आणि झिमरमन यांनी १९२९ मध्ये ग्रामीण व नागरी समाजशास्त्राची तत्त्वे मांडली, तोवर चर्चा दोन जीवनपद्धती एकमेकींसारख्या कशा होत जातात याकडे वळली होती. मोटार आली, रेडिओ आला. चाकोऱ्या डांबराखाली गेल्या.

आणि मग हा शब्द महाराष्ट्रात आला. तो आणणारा माणूस मालवणचा.

गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३ चा. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला आणि १९२४ मध्ये घुर्ये त्याचे प्रमुख झाले. गेडिस यांनीच त्यांची परदेशी शिक्षणासाठी निवड केली होती. हा योगायोग मला विलक्षण वाटतो, कारण गेडिस स्वतः शब्द पाडणारे गृहस्थ. ‘कॉनर्बेशन’, म्हणजे वाढत वाढत एकमेकांत मिसळलेली शहरे, हा त्यांचा शब्द त्यांच्या १९१५ च्या पुस्तकातला. ज्या वर्षी विस्कॉन्सिनमध्ये एक माणूस गाव आणि बाजार यांचे एकत्रित नाव शोधत होता, त्याच वर्षी स्कॉटलंडचा हा दुसरा माणूस शहर आणि शहर यांचे नाव देत होता. गेडिस यांनी नागपूर आणि जबलपूर या मध्य प्रांतातील शहरांविषयीही नगररचनेचे अहवाल लिहिले आहेत. मध्य प्रांताच्या छायेत वाढलेल्या आम्हा मंडळींना त्यामुळे ते थोडे घरचेच वाटतात.

घुर्ये यांनी पुढे पुण्याभोवतालच्या खेड्यांकडे लक्ष वळवले. १९६० मध्ये त्यांचे लोणीकंद गावावरील पुस्तक आले. हे गाव निवडण्याला कारण होते. थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने पेशवाई बुडाल्यानंतर लगेचच त्या गावाची तपशीलवार पाहणी केली होती आणि ती १८२३ मध्ये छापली गेली होती. सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने त्याच गावात पुन्हा जाऊन काय बदलले हे पाहण्याची संधी समाजशास्त्रज्ञाला क्वचितच मिळते. त्यानंतर १९६३ मध्ये पुण्याला वेढून असलेल्या हवेली तालुक्याच्या अभ्यासावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या शीर्षकात हा जोडशब्द आहे. मात्र घुर्ये यांनी त्याचे स्पेलिंग बदलले. ‘रूर्बन’ नव्हे, ‘रूररर्बन’. म्हणजे ‘आर-यू-आर’ ही ग्रामीणाची तीन अक्षरे पूर्ण, आणि त्यापुढे ‘अर्बन’ पूर्ण. शब्द उच्चारायला अवघड झाला, छपाईत तो चुकीचा वाटू लागला, आणि बहुधा त्यामुळेच चालला नाही. परंतु त्यात कोणाचेही काही कापलेले नाही. घुर्ये संस्कृतचे पंडित होते. संस्कृताच्या अभ्यासकाने इंग्रजी जोडशब्दाचा समास करून टाकला, असे मी गमतीने म्हणतो. शीर्षकातील ‘शरीररचना’ हा शब्द तर थेट १९१५ च्या पुस्तिकेची आठवण करून देणारा.

घुर्ये यांचा विचारही त्या स्पेलिंगसारखाच होता. आपल्याकडे नगरे केवळ कारखान्यांमुळे वाढली असे त्यांना मान्य नव्हते. ग्रामीण प्रदेशाला स्वतःच्या गरजेतून बाजाराची, कारभाराच्या केंद्राची निकड भासते आणि त्या निकडीतून खेड्यांच्या मध्येच नगर उगवते, हे त्यांनी पुनःपुन्हा मांडले. नगर ही खेड्यावर बाहेरून येऊन आदळणारी गोष्ट नव्हे, खेड्यांनी मिळून घडवलेली वस्तू आहे.

मराठी वाचकाला हे सांगण्याची फारशी गरज पडू नये, कारण आपल्या गावांच्या नावांतच ते लिहिलेले आहे. सांगलीजवळ कसबे डिग्रज आहे आणि मौजे डिग्रजही आहे. कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव आहेत. मौजा म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांचे शेतकरी गाव. कसबा म्हणजे ज्याला बाजार आहे, पेठ आहे, शेटे-महाजन आहेत, आणि भोवतालच्या मौज्यांचे ज्याच्याकडे येणेजाणे आहे असे गाव. परगणा अनेकदा त्याच्या कसब्याच्याच नावाने ओळखला जाई. म्हणजे बाजाराचे वर्तुळ आणि कारभाराचे वर्तुळ ही पुष्कळशी एकमेकांवर बसत. गॅल्पिनला जे वॉलवर्थमध्ये हवे होते ते आपल्या दप्तरांत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरतो. कसब्यातील शेटे-महाजनांना मौज्यातील कुणब्याने निवडून दिलेले नव्हते. पण शब्द होता, हे खरे. अरबीतून आला, फारसी दप्तरातून रुळला आणि मराठी झाला. कोणाचेही अक्षर न कापता.

छत्तीसगडमध्ये याहूनही नेमकी व्यवस्था होती. रतनपूर आणि रायपूर येथील हैहयवंशी राजांच्या काळी शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा आणि दक्षिणेला अठरा गढ होते; या प्रदेशाच्या नावाचा उगम बहुतेक जण तेथेच मानतात. गढ म्हणजे ८४ गावांचा समुदाय, असा हिशोब. त्याचे सात भाग, प्रत्येक भागात बारा गावे, आणि त्या बारा गावांच्या समूहाला ‘बारहों’ म्हणत. गढाचा अधिकारी दिवाण, बारहोंचा प्रमुख दाऊ, आणि गावाचा गौंटिया. प्रत्यक्षात आकडे असे गोळाबेरजेचे सर्वत्र नसणार हे उघड आहे. महसुलाच्या कागदावर गावे नेहमीच वास्तवापेक्षा अधिक शिस्तीने उभी असतात. तरीही २५ ते ५० हजार वस्तीच्या ‘समूहा’चा आराखडा पाहताना मला बारहोंची आठवण येत असे.

ही रचना मोडली ती आपल्याच लोकांनी, हे मराठी वाचकांसाठी प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये रतनपुरात आल्या. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ तेथून कारभार पाहत होते. त्यांनी जुनी घडी फारशी विस्कटली नाही. त्यांच्यानंतर व्यंकोजींच्या काळात नागपूरहून सुभेदार येऊ लागले, आणि विठ्ठल दिनकर या सुभेदाराने १७९० नंतर गढांच्या जागी परगणे आणले. कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे ही पदे आली. वसुली सोपी झाली. परंतु बारा गावांचे जे एकत्र व्यवहार होते त्यांना दप्तरात जागा उरली नाही. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि परगण्यांची संख्या आणखी कमी केली. प्रत्येक नव्या राजवटीने हद्दी आपल्या सोयीने आखल्या. आठवडी बाजाराला जाणाऱ्या लोकांनी मात्र आपले रस्ते बदलले नाहीत. आजही कोणत्या गावचे लोक कोणत्या हाटाला जातात हे विचारले की जो नकाशा तयार होतो, तो तहसिलीच्या नकाशाशी जुळतोच असे नाही.

स्वतंत्र भारताने या मधल्या अवस्थेचे काय केले? १९६१ च्या जनगणनेने एक कसोटी घालून दिली: किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक आणि पुरुष कामकऱ्यांपैकी तीनचतुर्थांश बिगरशेती व्यवसायात. ही कसोटी पार करणारे गाव जनगणनेच्या दृष्टीने नगर ठरते, मग त्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे का असेना. अशी ‘जनगणना नगरे’ २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. एकट्या केरळमध्ये २०११ साली ती ४६१ होती. छत्तीसगडमध्ये त्या वर्षी चित्र अगदी उलटे: कायद्याने घोषित झालेली नगरे १६८ आणि जनगणना नगरे केवळ १४. केरळमध्ये गावे नगर झाली पण कोणी घोषित केली नाहीत. येथे घोषणा मोकळ्या हाताने झाली. दोन्ही राज्यांची आपापली कारणे आहेत, त्यांत येथे शिरत नाही.

घोषणेचे साधन राज्यघटनेनेच दिले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-क्यू मध्ये नगरपंचायतीची तरतूद आहे, ग्रामीणातून नागरीकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी. घटनाकारांच्या वारसांनी ‘रूर्बन’ हा शब्द न वापरता ती वस्तू घटनेत घातली. पण शब्दयोजना पाहा: ‘संक्रमण’. गाव हे नेहमी कुठेतरी निघालेले आहे, पोहोचायचे ठिकाण नगर, आणि मधला मुक्काम तात्पुरता. गॅल्पिनचा समाज कुठेही निघालेला नव्हता. तो होता तसाच, गाव आणि बाजार मिळून, पूर्ण होता.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की रस्त्यावर दिवे येतात, नळयोजनेला निराळा निधी मिळतो. त्याच दिवशी ग्रामसभा संपते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याची कामे ग्रामीण क्षेत्रापुरतीच होती. ज्या भूमिहीन बाईला तिथे काम मिळत होते तिचे नाव त्या यादीतून गळे, जरी तिच्या घरात आणि पोटात त्या अधिसूचनेने काहीही बदल झालेला नसे. पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांत, आणि छत्तीसगडचा फार मोठा भाग त्यात मोडतो, हा प्रश्न आणखी गंभीर आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला जमीन, गौण खनिजे, वनोपज यांबाबत विशेष स्थान दिले. नगरपालिकांविषयीचा घटनेचा भाग मात्र अनुच्छेद २४३-झेडसी नुसार अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागतो. २००१ साली तसे विधेयक मांडले गेले, ते संमत झाले नाही. आणि नगरपंचायती तर होत राहिल्या. माझ्या पदावरील माणसाने याहून अधिक लिहू नये, इतके म्हणून थांबतो.

रूर्बन मोहिमेने एक गोष्ट चांगली केली. तिने गावाला नगर घोषित न करता सोयी देऊ केल्या. ग्रामसभा अबाधित राहिली. तिच्या आधीचा ‘पुरा’ हा प्रयोग, राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या कल्पनेतला, २००४ ते २००७ या काळात देशातील सात समूहांत झाला, त्यातला एक आपल्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतचा. त्याच्या तुलनेत पैसा आणि नियोजन दोन्ही या मोहिमेत अधिक होते. समूहाचा एकात्मिक आराखडा करावा, तो नगररचना कायद्याखाली अधिसूचित व्हावा, अशीही अपेक्षा होती. पण त्या समूहाला स्वतःची निवडून आलेली सभा नव्हती. निर्णय एकेका ग्रामपंचायतीचे, नाहीतर जिल्हा यंत्रणेचे. दाऊही नाही आणि कसब्याचे महाजनही नाहीत. शब्द विस्कॉन्सिनचा घेतला, त्याच्या पोटातला प्रश्न तेवढा तिथेच राहिला.

नाव मराठीत किंवा हिंदीत का केले नाही, असे मला मित्र विचारतात. ‘ग्रामनागर’ म्हणता आले असते. पाठ्यपुस्तकांत ‘ग्राम-नागरी सातत्य’ असा शब्दप्रयोग आहेच. येथे रायपूरच्या एका मराठी माणसाची आठवण होते. माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रायपूरचे वामन बळीराम लाखे त्याचे प्रकाशक. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने १९०६ मध्ये जो वैज्ञानिक शब्दकोश प्रसिद्ध केला, त्यातील अर्थशास्त्राची परिभाषा सप्रे यांनी सिद्ध केली होती. मागणी, पुरवठा, भांडवल यांना हिंदीत काय म्हणावे, हे ठरवायला एक मराठी भाषक छत्तीसगडमध्ये बसला होता. लाखे तर पुढे १९१३ मध्ये रायपूरच्या सहकारी बँकेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. शब्द आणि व्यवहार अशी त्या दोघांत वाटणीच झाली होती म्हणा ना. सप्रे यांच्यापुढे ‘रूर्बन’ आला असता तर त्यांनी तो नागरी लिपीत जसाच्या तसा उतरवून फलकावर रंगवला नसता, एवढे खात्रीने सांगता येते.

त्या बैठकीत मी त्या वृद्ध गृहस्थांना सांगितले, की रूर्बन हा कोणी साहेब नव्हे, शब्द आहे. थोडे गाव आणि थोडे शहर असा त्याचा अर्थ. त्यांनी मान डोलावली. मग खिडकीतून बाहेर पाहत, जरा विचार करून, विचारले, “त हमर गाँव कोन डहर हे?” आमचे गाव यात कोणत्या बाजूला? अध्यक्षस्थानी बसलेल्या सरपंचबाईंनी घड्याळाकडे पाहिले. विषयपत्रिकेवर पुढचा विषय नळपाणी योजनेचा होता.